जुन्या काळातल्या इटालियन फुटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचायची: फुल्व्हिओ बर्नार्दिनी समोर ठेवून

शंभर वर्षांपूर्वीचा कुठलाही इटालियन प्लेयर काढा, त्याच्या नावापुढे दोन-तीन आकडे दिसतात आणि आपण तेवढ्यावर मत बनवून मोकळे होतो. फुल्व्हिओ बर्नार्दिनीच्या नावापुढे दिसतं, इटलीकडून २६ मॅच, ३ गोल. फॉरवर्डला खेळलेला माणूस आणि गोल फक्त तीन, म्हणजे साधाच असणार असं मलाही वाटलं होतं आणि मी त्याला बरीच वर्षं सोडून दिलं होतं. नंतर एकदा इटलीतल्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत होतो. १९५० ते १९६८ अशी एकोणीस विजेतेपदं, त्यातली सतरा युव्हेंटस, मिलान आणि इंटर या तिघांनी आपापसात वाटून घेतलेली. उरलेली दोन, १९५६ ची फियोरेंतिनाकडे आणि १९६४ ची बोलोन्याकडे. आणि त्या दोन्ही टीमचा कोच एकच, हा आपला २६ मॅच ३ गोलवाला.

तर असा माणूस आकड्यांतून सुटू नये म्हणून नक्की काय करायचं ते इथे सांगतो. कुणाला लेख लिहायचा असेल, क्विझची तयारी असेल किंवा नुसतंच जुन्या सेरी आचं, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगचं, वेड असेल, पद्धत तीच. बर्नार्दिनीला मी धडा म्हणून घेतलाय कारण त्या काळात जेवढे खड्डे आहेत ते सगळे याच्या वाटेवर येतात.

आधी एक वही घ्या. फोनमध्ये नको, खरंच कागदाची वही घ्या, कारण मागेपुढे बाण काढायला लागतात. आडवं पान करून पाच रकाने आखा: सीझन, क्लब, मैदानावरची जागा, त्या वेळचा कोच आणि सोबतचे खेळाडू. गोलचा रकाना शेवटी टाका, जागा उरली तर. सगळ्यात महत्त्वाचा रकाना कोचचा, आणि लोक नेमका तोच सोडतात. जो प्लेयर पुढे कोच होणार आहे तो खेळताना कुणाच्या हाताखाली होता हे कळल्याशिवाय त्याचं पुढचं अर्धं आयुष्य उलगडत नाही.

जन्मतारीख वर मोठ्या अक्षरात लिहा. बर्नार्दिनी रोमचा, जन्म २८ डिसेंबर १९०५. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेल्या माणसाचं वय काढताना वर्षातून वर्ष वजा केलं की जवळजवळ नेहमी एक वर्ष जास्त येतं. १९२३ च्या जुलैत तो सतरा वर्षांचा होता, अठरा नाही. आणि सतराव्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या फायनलपर्यंत गेलेल्या टीममध्ये असणं ही काय चीज आहे ते कळायला हे एक वर्ष लागतं.

आता ती फायनल. इथे पहिला मोठा खड्डा आहे. आज आपण सेरी आ म्हणतो ती सगळ्या देशाची एकच लीग १९२९-३० ला सुरू झाली. त्याआधी १९२६ पर्यंत उत्तरेची स्पर्धा वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि दोघांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडायचे. आणि उत्तर इतकी पुढे होती की ती शेवटची लढत म्हणजे बहुतेक वेळा औपचारिकताच. १९२३ ला दक्षिणेतून रोमची लाझिओ आली, म्हणजे बर्नार्दिनीची टीम, उत्तरेतून जेनोआ, जेनोआनं ४-१ आणि २-० असं हरवलं. म्हणून १९२९ च्या आधीच्या कुठल्याही गोलच्या आकड्यापुढे वहीत लिहून ठेवा की हे गोल कुठल्या भागात, कुणाविरुद्ध. रोमच्या आसपासच्या टीमविरुद्ध मारलेले वीस गोल आणि तोरिनो-युव्हेंटसविरुद्ध मारलेले वीस गोल एका तराजूत टाकता येत नाहीत.

पण यातूनच दुसरी गोष्टही दिसते. बर्नार्दिनी २२ मार्च १९२५ ला फ्रान्सविरुद्ध तुरीनमध्ये इटलीकडून पहिल्यांदा खेळला, मॅच ७-० अशी जिंकली. तोपर्यंत मध्य किंवा दक्षिण इटलीतल्या क्लबचा एकही प्लेयर नॅशनल टीममध्ये घेतलेला नव्हता. लाझिओचा हा पोरगा पहिला. म्हणजे त्या २६ मॅचमधली पहिलीच मॅच किती जड आहे बघा, नुसता आकडा वाचला तर हे दिसत नाही.

त्या १९२३ च्या जेनोआचा कोच कोण होता तेही लिहून ठेवा, विल्यम गार्बट, इंग्लंडचा. इटलीत आजही कोचला मिस्टर म्हणतात, ते या गार्बटमुळे सुरू झालं असं सांगतात. हे नाव पुढे परत येणार आहे.

मैदानावरच्या जागेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बर्नार्दिनीनं लाझिओमध्ये सुरुवात केली ती गोलकीपर म्हणून! मग तो पुढे फॉरवर्डला आला, तिथे गोल मारले, मग हळूहळू मागे सरकत सेंटर हाफ झाला. एकाच माणसाच्या नावापुढे कुठे गोलकीपर, कुठे फॉरवर्ड, कुठे मिडफिल्डर असं वाचलं की आपल्याला वाटतं दोन माणसांची माहिती मिसळली असेल, पण तसं नाहीये.

त्या काळची मांडणी समजून घ्या. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. पुढच्या पाचात टोकाला दोन विंगर, मधोमध सेंटर फॉरवर्ड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जे दोन असायचे त्यांना इटालियनमध्ये मेद्झाला म्हणतात. हे दोघं कागदावर फॉरवर्ड, पण कामाचे अर्धे मिडफिल्डर. आणि मधल्या तिघांतला जो मधला, तो सेंटर हाफ, म्हणजे आजचा सेंटर बॅक अजिबात नव्हे. तो टीमचं हृदय. बॉल त्याच्याकडे यायचा, तो मान वर करून बघायचा आणि तिथून हल्ला सुरू व्हायचा. इटालियन लोक या पद्धतीला मेतोदो म्हणायचे. मग १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलला, आधी पुढे जाणाऱ्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरचे तीन जण लागायचे ते दोनावर आलं, गोल वाढले, आणि इंग्लंडमध्ये सेंटर हाफला मागे ओढून डिफेन्समध्ये बसवायला लागले. इटलीत मात्र मेतोदो बराच काळ टिकली आणि तो जुन्या पद्धतीचा खेळवणारा सेंटर हाफ राहिला. बर्नार्दिनी त्या जागेचा राजा होता. नॅशनल टीमकडून तो बहुतेक याच जागेवर खेळला, म्हणून गोल तीन. आता तो आकडा परत वाचा.

तर वहीत दर सीझनपुढे जागा लिहा, आणि "फॉरवर्ड" एवढंच लिहून थांबू नका, पाचातला कितवा ते लिहा. जुन्या इटालियन पेपरात टीमची नावं ठराविक क्रमानं छापायचे, गोलकीपर, मग दोन बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड उजवीकडून डावीकडे. नावाचा नंबर मोजला की जागा कळते, कुणाच्या मताची गरज नाही. पाचवं नाव म्हणजे सेंटर हाफ. ही युक्ती फार उपयोगाची आहे.

जुने पेपर बघायचे तर तुरीनच्या ला स्ताम्पाचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका, मॅचच्या रिपोर्टमध्ये तेच तेच पंधरा-वीस शब्द असतात. महिने मात्र नीट पाठ करा, जुन्यो म्हणजे जून आणि लुल्यो म्हणजे जुलै, हे दोन कायम गोंधळवतात. आणि १९२२ नंतरच्या कागदांवर एक विचित्र गोष्ट दिसेल, तारखेशेजारी रोमन आकडा. ते फॅसिस्ट राजवटीचं वर्ष. त्यांचं वर्ष २८ ऑक्टोबरला सुरू व्हायचं, १९२२ पासून मोजून. म्हणजे आठवं वर्ष लिहिलं असेल तर ते १९२९ च्या ऑक्टोबरअखेरीपासून १९३० च्या ऑक्टोबरपर्यंत. फोटोच्या मागे नुसता हाच आकडा असला तरी वर्ष काढता येतं.

नावांचं पण तसंच. या राजवटीनं क्लबची नावं बदलली, क्लब एकमेकांत मिसळले. १९२८ ला इंटरला दुसऱ्या एका क्लबशी जोडून आंब्रोझियाना केलं, परदेशी वाटणारी नावं त्यांना नको होती, जेनोआचं जेनोव्हा झालं. बर्नार्दिनी १९२६ ते १९२८ इंटरला होता, नेमका नाव बदलायच्या आधी गेला म्हणून त्याच्या बाबतीत इंटरच लिहायचं, पण त्याचा तिथला पोरगेलासा सहकारी ज्युसेप्पे मेआत्सा, त्याच्या कारकिर्दीत इंटर आणि आंब्रोझियाना दोन्ही येतात, दोन वेगळे क्लब समजू नका. रोमा हा क्लबसुद्धा १९२७ ला रोममधले तीन क्लब एकत्र करून तयार झाला. लाझिओ तेवढी त्यात गेली नाही. मराठीत नावं लिहिताना एवढं लक्षात ठेवा की इटालियनमध्ये सी नंतर आय किंवा ई आली तर च, मध्ये एच आला तर क, आणि डबल झेड म्हणजे त्स किंवा द्झ. म्हणून बालोंचिएरी, क्यापेल्ला, पोत्सो. लाझिओचा खरा उच्चार लात्सिओ, पण आपल्याकडे लाझिओ रुळलंय, मी तेच ठेवतो.

आता कोचचा रकाना भरायला घ्या आणि गंमत बघा. इंटरला बर्नार्दिनीचा कोच होता आर्पाद व्हाइस, हंगेरीचा. मेआत्सा तेव्हा अगदी लहान, ज्युनियरमध्ये, आणि या पोराला वरच्या टीममध्ये घ्या म्हणून व्हाइसच्या मागे लागणाऱ्यांत बर्नार्दिनी होता असं सांगतात. मेआत्सा १९२७ ला सतराव्या वर्षी टीममध्ये आला, पुढे काय झालं ते जगाला माहितीये, १९३४ आणि १९३८ चे दोन्ही वर्ल्ड कप. म्हणजे बर्नार्दिनी स्वतः बावीसचा पण नव्हता आणि पोरांतला प्लेयर ओळखत होता. मग १९२८ ला तो रोमला परतला, पण लाझिओकडे नाही, रोमाकडे. तिथे कोच कोण? तोच गार्बट, ज्याच्या जेनोआनं १९२३ ला याला हरवलं होतं. वहीत इथे बाण काढा.

त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमचं ऑलिम्पिक, इटली सेमीफायनलला उरुग्वेकडून ३-२ नी हरली आणि मग ब्राँझच्या मॅचमध्ये इजिप्तला ११-३ हरवलं. बर्नार्दिनीच्या नावावर ब्राँझ आहे. वर्ल्ड कप मात्र नाही.

का नाही? १९३४ चा वर्ल्ड कप इटलीत, रोमा ऐन भरात, आणि इटलीच्या टीमचा कोच व्हित्तोरिओ पोत्सो यानं याला घेतलंच नाही. सेंटर हाफला घेतला लुइस मोंती, जो १९३० ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाकडून खेळला होता. सांगतात ते असं, की पोत्सोनं त्याला समजावलं की तू इतका वरच्या दर्जाचा खेळतोस की बाकीच्यांना तुझ्यासोबत जुळवून घेता येत नाही. अशा गोष्टी वाचताना वहीत त्यापुढे "सांगतात" असं लिहायची सवय लावा, कारण बंद खोलीत दोन माणसं काय बोलली याला साक्षीदार नसतो. टीममध्ये नाव नव्हतं, हे पक्कं. मोंती होता, हे पक्कं. मोंती जास्त रेटून खेळणारा, बॉल काढून घेणारा, हेही त्या मॅचेसवरून पक्कं. पोत्सोला कसा सेंटर हाफ हवा होता ते एवढ्यातून कळतं, त्या वाक्याच्या मागे फार धावायची गरज नाही. पण मला स्वतःला याचं फार वाईट वाटतं, हे लिहून टाकतो.

पुढची सूचना अशी, की टीमचा एखादा सीझन अचानक घसरला किंवा थोडक्यात हुकला तर मैदानाबाहेर बघा. रोमाचं घर तेव्हा तेस्ताच्चो, लाकडी स्टँडचं मैदान, तिथे मार्च १९३१ ला त्यांनी युव्हेंटसला ५-० हरवलं होतं, आणि हे युव्हेंटस म्हणजे सलग पाच विजेतेपदं घेणारं युव्हेंटस. १९३५ च्या उन्हाळ्यात रोमा विजेतेपदाची दावेदार होती, त्यांच्याकडे गुआइता होता, ज्यानं आदल्या सीझनला २८ गोल मारले होते. आणि सप्टेंबरमध्ये गुआइता, स्कोपेल्ली आणि स्तान्यारो हे तिघं अर्जेंटिनाहून आलेले प्लेयर गाडी काढून फ्रान्सला निघून गेले, कारण इथिओपियाचं युद्ध तोंडावर होतं आणि आपल्याला सैन्यात घालतील अशी त्यांना भीती वाटली. सीझन संपला तेव्हा बोलोन्या ४० पॉइंट, रोमा ३९. एका पॉइंटनं गेलं. त्या तिघांतला एक जरी थांबला असता तर, असं आजही रोमाचे लोक बोलत असतील.

आणि बोलोन्याचा कोच कोण होता? आर्पाद व्हाइस. बर्नार्दिनीचा जुना कोच. परत बाण.

व्हाइसबद्दल लिहिताना घाई करू नका. तो ज्यू होता. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनंतर त्याला इटली सोडावी लागली, हॉलंडला गेला, तिथे नाझींनी पकडलं, बायको आणि दोन्ही मुलं आउश्वित्झमध्ये मारली गेली आणि तोही ३१ जानेवारी १९४४ ला तिथेच गेला. इटलीत तीन विजेतेपदं जिंकलेला माणूस कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात नव्हता. कोचचा रकाना भरल्याशिवाय तुम्हालाही तो भेटणार नाही.

आता प्लेयरचा कोच कधी झाला हा प्रश्न. एक तारीख शोधत बसू नका, त्या काळात ती बहुतेक नसतेच. बर्नार्दिनी १९३९ ला रोमा सोडून रोममधल्याच मातेर नावाच्या टीममध्ये गेला, ही एका इलेक्ट्रिक मोटरच्या कारखान्याची टीम, आणि तिथे तो खेळायचा पण आणि टीम चालवायचा पण. मध्ये युद्ध. अशा वर्षांना वहीत दोन्ही रकान्यांत लिहा. अपयशं पण लिहा, लोक ती गाळतात. युद्धानंतर १९४९-५० ला तो रोमाचा कोच झाला आणि टीम जेमतेम वरच्या लीगमध्ये राहिली. मग खालच्या लीगच्या टीम, व्हिचेन्झा वगैरे. सत्तेचाळिशीचा झाला तरी कोच म्हणून हाताला काही लागलं नव्हतं. त्याच्याकडे कॉलेजची डिग्री होती, त्यामुळे सगळे त्याला दोत्तोरे म्हणायचे. इटलीत कुठल्याही पदवीधराला दोत्तोरे म्हणतात हो, तो औषधं देणारा डॉक्टर नव्हता, ही चूक मी छापलेली पाहिली आहे.

१९५३ ला फियोरेंतिना. आणि १९५५-५६ चा सीझन, जो प्रत्येकानं एकदा तरी टेबल समोर ठेवून वाचावा. ३४ मॅच, २० जिंकल्या, १३ बरोबरीत, १ हरली. ती हरलेली एक पण अगदी शेवटच्या दिवशी, जेनोआविरुद्ध ३-१. पॉइंट ५३, दुसऱ्या नंबरचं मिलान ४१. इथे लक्षात ठेवायचं ते हे की तेव्हा जिंकल्याला दोन पॉइंट होते, इटलीत तीन पॉइंट १९९४-९५ पासून. त्यामुळे आजच्या डोळ्यांना ५३ कमी वाटतात. तीनच्या हिशोबानं ७३ होतात, करून बघा. आणि दोन पॉइंटच्या काळात बारा पॉइंटचं अंतर म्हणजे सहा मॅचचं अंतर.

ते जमलं कसं, हे शोधताना परत जागेचा रकाना. उजव्या विंगला ब्राझीलचा जुलिन्यो, जगातल्या सगळ्यात मोठ्या विंगरपैकी एक, मध्ये व्हिर्जिली ज्यानं २१ गोल मारले, आत मोंतुओरी. आणि डाव्या विंगला, अकरा नंबरला, मौरिलिओ प्रिनी. हा प्रिनी नावाला विंगर, प्रत्यक्षात मागे येऊन मधल्या फळीत काम करणारा. म्हणजे समोरच्या टीमला वाटायचं पुढे पाच आहेत, आणि मध्ये यांचा एक जण नेहमी जास्त. जुलिन्योला मोकळं सोडायचं आणि त्याची किंमत दुसऱ्या टोकाच्या माणसानं द्यायची. प्रिनीचं नाव अधोरेखित करा.

पुढच्या वर्षी, ३० मे १९५७, युरोपियन कपची फायनल, माद्रिदमध्ये रेआल माद्रिदच्याच घरी. २-० हरले, दि स्तेफानोची पेनल्टी आणि मग खेन्तो. युरोपियन कपच्या फायनलला पोचलेली ती पहिली इटालियन टीम. मग बर्नार्दिनी लाझिओला गेला आणि २४ सप्टेंबर १९५८ ला कोप्पा इतालियाची, म्हणजे इटलीतल्या कप स्पर्धेची फायनल, लाझिओ विरुद्ध फियोरेंतिना, म्हणजे स्वतः घडवलेल्या टीमविरुद्ध. लाझिओ १-०. गोल कुणाचा? प्रिनीचा, तोही लाझिओला आलेला. लाझिओची ती पहिली मोठी ट्रॉफी.

१९६१ ला बोलोन्या, आता इथे थांबून नीट वाचा. हॅलर, बुल्गारेल्ली, नील्सन, पास्कुत्ती, अशी टीम. एकदा मोदेनाला ७-१ हरवल्यावर बर्नार्दिनी म्हणाला की असं फक्त स्वर्गातच खेळतात, आणि बोलोन्याचे लोक ते वाक्य अजून सांगतात. तो काळ कातेनाच्चोचा, मागे कुलूप लावून एक गोल मारून जिंकायचा, आणि हा माणूस बॉल खेळवा म्हणत होता. १९६३-६४ ला मार्चमध्ये त्याच्या पाच खेळाडूंवर डोपिंगचा आरोप झाला, पॉइंट कापले गेले, नंतर फेरतपासणीत ते निर्दोष ठरले आणि पॉइंट परत मिळाले. म्हणून या सीझनचं पॉइंट टेबल बघताना ते कुठल्या तारखेचं आहे ते आधी बघा, एप्रिलचं टेबल आणि शेवटचं टेबल एकमेकांशी जुळणार नाही आणि तुम्हाला वाटेल छपाईची चूक आहे. शेवटी बोलोन्या ५४, इंटर ५४.

मग प्लेऑफ, ७ जून १९६४, रोमच्या ऑलिंपिको स्टेडियमवर. सेरी आचं विजेतेपद प्लेऑफवर ठरलं ते या एकाच वेळी. समोर कोच हेलेनिओ हेरेराचं इंटर, ज्यांनी अकरा दिवसांपूर्वी व्हिएन्नात रेआल माद्रिदला ३-१ हरवून युरोपियन कप जिंकला होता. चार दिवसांपूर्वी, ३ जूनला, बोलोन्याचे अध्यक्ष रेनातो दाल्लारा मिलानला लीगच्या ऑफिसात याच मॅचच्या बैठकीत हार्ट ॲटॅकनं गेले. आणि डावा विंगर पास्कुत्ती जखमी.

बर्नार्दिनीनं अकरा नंबरचा शर्ट कुणाला दिला? ब्रुनो काप्रा, डिफेंडर. नावाला विंगर, काम मागचं. वही मागे उलटा, १९५६ चा प्रिनी. तीच चाल, आठ वर्षांनी, वेगळ्या टीममध्ये, वेगळ्या कारणासाठी. तेव्हा सब्स्टिट्यूट नव्हते, एकदा अकरा जण लिहून दिले की दिले, त्यामुळे हा निर्णय केवढ्या धाडसाचा होता ते लक्षात घ्या. इंटरला झटपट हल्ले करायला जागाच मिळाली नाही, शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल, पहिला फोग्लीच्या फ्री किकवर, बॉल इंटरच्या फाकेत्तीला लागून आत गेला म्हणून काही ठिकाणी तो ओन गोल लिहिलेला दिसेल, दुसरा नील्सनचा. २-०. नील्सन त्या सीझनचा टॉप स्कोरर, २१ गोल. आणि इंटरच्या गोलमध्ये कोण होता बघा, जुलियानो सार्ती, १९५६ च्या फियोरेंतिनाचा गोलकीपर. सोबतच्या खेळाडूंचा रकाना भरला नसता तर हे कळलंच नसतं. मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

त्यानंतरची सॅम्पदोरिया क्लबची वर्षं थोडक्यात लिहिली तरी चालतील, १९६७ ला खालच्या लीगमधून वर आणली, १९७१ पर्यंत राहिला, पुढे कोच म्हणून गाजलेला मार्चेल्लो लिप्पी तिथेच त्याच्या हाताखाली सुरुवातीला खेळत होता. पण १९७४ सोडू नका. वर्ल्ड कपच्या पहिल्याच फेरीत इटली बाहेर पडली आणि अडुसष्ट वर्षांच्या बर्नार्दिनीला नॅशनल टीम दिली, म्हणजे ज्या टीमनं १९३४ ला त्याला बाहेर ठेवलं तीच. नुसते निकाल बघाल तर काही हाती लागणार नाही, युरो १९७६ ला पात्र पण ठरले नाहीत, रिव्हेरा-मात्सोला या जुन्या स्टार प्लेयरना बाजूला केलं म्हणून टीका झाली ती वेगळी. म्हणून इथे निकालाऐवजी पहिल्यांदा खेळलेल्यांची यादी काढा. आंतोन्योनी, जेंतिले, शिरेआ, ग्रात्सियानी, तार्देल्ली, सगळे त्याच्या काळात पहिल्यांदा इटलीकडून खेळले. १९७५ पासून त्याच्या जोडीला एंझो बेआर्झोत होता, १९७७ ला सगळं बेआर्झोतकडे गेलं, आणि १९८२ ला बेआर्झोतनं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा फायनलमध्ये जेंतिले, शिरेआ, तार्देल्ली, ग्रात्सियानी होते, आंतोन्योनी जखमी म्हणून बाहेर. बर्नार्दिनी १३ जानेवारी १९८४ ला गेला, म्हणजे हे त्यानं पाहिलं. रोमाचं त्रिगोरियाचं ट्रेनिंग सेंटर आज त्याच्या नावानं आहे, लाझिओत गोलकीपर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाच्या.

आता तुमच्या हातानं एक करा. आदोल्फो बालोंचिएरी घ्या, तोरिनोचा मेद्झाला, इटलीकडून ४७ मॅच २५ गोल, १९२८ च्या त्या ब्राँझवाल्या टीमचा कॅप्टन, नंतर कोच. लहानपण अर्जेंटिनातल्या रोझारिओत गेलेलं, तेव्हा पहिल्या ओळीलाच प्रश्न पडेल की खेळ शिकला कुठे. तोरिनोच्या रकान्यात १९२६-२७ चं विजेतेपद लिहून मग ते काढून घेतलेलं दिसेल आणि १९२७-२८ चं मैदानावर जिंकलेलं. तिथे पेन्सिल वापरा, आणि त्याच्या शेजारी पुढच्या फळीतल्या सोबत्यांची, लिबोनात्ती आणि रोस्सेत्ती, ही दोन नावं आधी लिहून घ्या.